उरलेला इंच

माझा मामा सुतार आहे. गल्लीत त्याला अंदाजराव म्हणतात, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात. कारण मामा माप घेतो ते हातांनी. कुणाच्या घरी खिडकी बघायला गेला, की दोन्ही तळवे चौकटीला टेकवणार, "एवढी" म्हणणार आणि हात तसेच पसरलेले ठेवून दुकानापर्यंत चालत येणार. वाटेत कुणी हाक मारली तर मान डोलावेल, पण हात हलू देणार नाही. लहानपणी मी त्याच्यापुढे पळत लोकांना बाजूला करायचे. "सरका, सरका, मामा खिडकी घेऊन येतोय!"

आणि ती खिडकी बसायची हो. अगदी चपखल बसायची. माझा मामा म्हणजे जगातला सगळ्यात हुशार माणूस, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. अजूनही वाटतं, पण कारण बदललं आहे.

दुकान खाली आणि घर वर. मामी दिवसभर दुकानात मामाशेजारी स्टुलावर बसलेली असायची. लोक म्हणायचे, काय बाई प्रेम! प्रेम होतंच, पण मामी तिथे कामाला होती. मामाचे पसरलेले हात दुकानात पोचले की त्यांच्यामध्ये टेप लावायची ती मामी. आकडा वाचायची ती मामी, वहीत लिहायची ती, फळीवर पेन्सिलीने खूण करायचीही तीच. त्या खुणेवर करवत चालवायला मात्र मामा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अशी चौतीस वर्षं गेली. एवढ्या काळात मामाने टेपवरचा एक आकडा स्वतः वाचलेला नव्हता. गिऱ्हाईक समोर असलं तर म्हणायचा, "तू वाच गं, माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा कपाळावर असायचा.

मी शाळेत गणित शिकवते. वर्गातल्या कुठल्या मुलाला आकड्यांची भीती वाटते हे मी म्हणे त्याच्या बसण्यावरून ओळखते. आणि माझ्या सख्ख्या मामाचं मला इतकी वर्षं कळलं नाही. तेव्हा माझ्या हुशारीबद्दल काय बोलावं!

कळलं ते एका कपाटामुळे. एका डॉक्टरीणबाईंकडे मामाने कपाट पोचवलं आणि त्याची दोन दारं एकमेकांना भेटेनात. मध्ये चांगली पाच बोटं फट. मामाच्या हातून असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाई हसल्या, पण मामी हसली नाही. तिने आठाला तीन वाचलं होतं. त्याच बाईंनी मग मामीला डोळे तपासायला पाठवलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. जिकडे बघावं तिथेच मधोमध पुसट डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. मामीने ते सात-आठ महिने लपवलं होतं. आणि मामाला त्यातलं निम्मं तरी ठाऊक होतं, पण त्यानेही लपवलं. कारण तिला दिसत नाही हे कबूल केलं तर मग टेप कोण वाचणार? दोघंही एकमेकांना सांभाळत अंदाजाच्या खुणांवर लाकूड कापत राहिली.

आता त्या जिन्याबद्दल सांगते. दुकानातून वर जायचा लाकडी जिना मामाने लग्नाच्या आधी केला होता, म्हणजे टेप वाचणारी घरात येण्याआधी. त्याने सात इंचांचा एक ठोकळा घेतला आणि तो एकावर एक मोजत वर गेला. पंधरा पायऱ्या सारख्या झाल्या. वर पोचल्यावर बघतो तर एक इंच उरला. उरला तो शेवटच्या पायरीला देऊन टाकला. त्यामुळे सोळावी चढण बाकीच्यांपेक्षा इंचभर उंच. हा इंच दिसायला काहीच नाही, पण पायाला फार मोठा असतो. त्या घरात पहिल्यांदा येणारा प्रत्येक पाहुणा वर पोचताना वाकूनच आत यायचा. सोयरीक बघायला आलेले एक गृहस्थ तर थेट माझ्या आजोबांच्या पायांशी आले होते, आणि आजोबांनी त्यांना आशीर्वादही दिला होता.

मामी शेवटच्या पायरीला पाय जरा जास्त उचलायची, सवयीने. पण शेवटची कुठली हे दिसायला हवं ना. दिसेनासं झाल्यावर ती मोजत चढू लागली. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी चुकायची आणि मोजणी चुकली की पाय. एकदा गुडघे फुटले. दुसऱ्यांदा उजवं मनगट मोडलं आणि प्लास्टर घालावं लागलं.

माझा मामेभाऊ परगावी असतो. तो दोन दिवसांची रजा काढून आला, आईचा हात बघितला आणि म्हणाला, "बास झालं. मी तुम्हा दोघांना घेऊन जातो. माझ्याकडे लिफ्ट आहे. दुकान बंद करा."

"तुझ्या घरात मला नळ कुठे आहे ते माहीत नाही," मामी म्हणाली. "इथे दारापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं, ओट्यापासून खिडकीपर्यंत चार. मी इथे आंधळी नाही रे. तिथे होईन."

"आणि जिना?"

"जिना बदला. सगळ्या पायऱ्या सारख्या करा, मी डोळे मिटून चढेन. नाहीतरी आता मिटल्यासारखेच आहेत."

मामेभाऊ बापावर गेलेला नाही, हिशेबी आहे. त्याने मुदत दिली. "दीड महिन्याने येतो. आई माझ्यासमोर एकटी, कुणाचा हात न धरता वर गेली तर राहा. नाहीतर सामान बांधायचं."

"दुसऱ्या कुणाला तरी बोलावू या का?" असं मी म्हणाले आणि मामीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गप्प झाले. सुताराच्या घरचा जिना दुसरा सुतार करणार! मामा मात्र छताकडे बघत होता. त्याच्या कपाळावर चष्मा होता आणि चष्म्याखाली घाम.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "तू जरा माप वाचून देशील का? एवढ्यापुरतं?" आणि मग, लाकडाच्या भुशाकडे बघत, "मला ते जमत नाही गं."

मी म्हटलं, ठीक आहे, शिकवते. माझं तर कामच ते! चौकटीची वही घेतली, उंची मोजली, एकशे तेरा इंच भरली. लिहिलं, एकशे तेरा भागिले सोळा. मामा त्या वहीसमोर दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा बसला. पहिल्या दिवशी त्याने तीनदा पेन्सिलीला टोक केलं. दुसऱ्या दिवशी सरस वाळत होता. तिसऱ्या दिवशी त्याला इतक्या वेळा तहान लागली की माठ रिकामा झाला. माझा स्वभाव तापट. मी म्हणून गेले, "मामा, हे माझ्या पाचवीतल्या पोरांना येतं!"

त्याने पेन्सिल खाली ठेवली, अगदी हळू, आणि दुकानाबाहेर निघून गेला. शाळेत मी हे वाक्य कुठल्याही मुलाला कधी बोलले नसते. मामाला बोलले.

"त्यांना असंच एका मास्तरांनी बोलून ठेवलंय," मामी स्टुलावरून म्हणाली. "भागाकार करताना त्यांची बाकी मोठी यायची. मास्तर वर्गाला विचारायचे, अजून भाग जातोय की नाही? सगळा वर्ग ओरडायचा, जातोय! आणि ह्यांना दिसायचं नाही कुठे जातोय. एकदा अख्खा तास फळ्यापुढे उभं केलं, ती बाकी तशीच ठेवून. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. लग्नानंतर आठ दिवसांनी मला सांगितलं, रडत रडत. मी म्हटलं, एवढंच ना, मी वाचते." मग म्हणाली, "माझंच चुकलं. मी वाचत राहिले, म्हणून त्यांना कधी वाचावंच लागलं नाही."

मामा परत आला तेव्हा मी माफी मागितली. तो म्हणाला, "खरं तेच बोललीस." ते जास्त लागलं.

मामीने तेव्हा सूत्रं हातात घेतली, प्लास्टरसकट. "वही ठेवा ती बाजूला," ती म्हणाली. "अहो, एक लांब सरळ पट्टी घ्या. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत तिच्यावर खूण करा. आकडा नको." हे मामाचं काम. पटकन झालं. "आता तो जुना सात इंची ठोकळा घ्या आणि पट्टीवर सोळा वेळा ठेवत जा." मामा ठेवत गेला, मामी मोजत गेली. सोळावा ठोकळा संपला आणि पुढे खूण थोडी लांब राहिली.

"किती उरलं?"

मामाने तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

"मला काय दिसणार? टेप लावून वाचा."

मामा माझ्याकडे बघेना, तिच्याकडे बघेना. शेवटी त्याने टेप लावला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"एक इंच," तो म्हणाला.

"म्हणजे किती सूत?" सुतारकामात इंचाचे आठ भाग धरतात, एकेका भागाला सूत म्हणतात. हे मामाला हातापायांइतकं माहीत.

"आठ."

"आणि चढणी सोळा. मग कसे वाटणार?"

"आठ जणींना एकेक मिळेल. आठ उपाशी."

"घरात एकच केळं असलं की आपण काय करतो हो?"

"अर्धं अर्धं खातो," मामा म्हणाला, आणि त्याचा हात पट्टीवर थांबला. "अर्धा सूत. प्रत्येकीला अर्धा सूत!" मग माझ्याकडे वळला. "बरोबर आहे का?"

मी जोरात मान डोलावली.

"मग हे शाळेत असं का नाही सांगितलं कुणी?" मामा खरोखर चिडला होता. "मला वाटायचं बाकी राहिली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं. मास्तर तसेच बघायचे तिच्याकडे. आणि ती तर नुसती वाटायची राहिलेली असते!"

पंधरा वर्षं मी भागाकार शिकवते आहे. इतकं चांगलं वाक्य माझ्या वर्गात अजून कुणी बोललेलं नाही, मी धरून.

त्याने सात इंच अर्ध्या सुताचा नवा ठोकळा रंधून काढला. पट्टीवर सोळा वेळा ठेवला. खुणेला तंतोतंत टेकला. पुन्हा ठेवला. पुन्हा टेकला. तिसऱ्यांदा मला ठेवायला लावला, मी काही गडबड करते का ते बघायला.

मग आमच्या घरावर संकट आलं. मामाला मोजायचा नाद लागला. टेप खिशात घालून तो हिंडू लागला. दरवाजा किती, पलंग किती, शेजाऱ्याचा कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत किती. ओट्यावरची फळी मामीच्या कोपरापासून किती खाली हवी हे काढून त्याने ती चार बोटं वर घेतली, आणि मामीची पाठ दुखायची थांबली. "चौतीस वर्षं दुखत होती," मामी म्हणाली. "आधी का नाही मोजलं?" बिचाऱ्या मामाने मान खाली घातली आणि स्टुलाचं माप घेतलं.

लाकडाच्या वखारीत मी बरोबर गेले, मदतीला म्हणून. वखारवाला म्हणाला, "जिना ना? आठ फळ्या घेऊन जा, कमी नको पडायला." मी लगेच शहाणपणा केला, सोळा पायऱ्यांना सोळा तुकडे लागतील. मामा म्हणाला, "पंधरा. सोळावी म्हणजे आपली वरची जमीन, ती आहेच तिथे." मग मनाशी पुटपुटत, बोटांवर मोजत, "फळी आठ फुटांची. म्हणजे शहाण्णव इंच. एकेका फळीत बत्तीस इंचांचे तीन. पण करवत प्रत्येक कापाला सूतभर लाकूड खाते, म्हणून पावणेबत्तीसचे धरू. पंधरा भागिले तीन." तो 'भागिले' म्हणाला आणि स्वतःच दचकला. "पाच फळ्या दे."

वखारवाल्याने मला विचारलं, "अंदाजरावांना काय झालंय?"

जिना तयार व्हायला चार आठवडे लागले. दोन बाजूंना दोन जाड तिरक्या फळ्या, त्यांना पायऱ्यांसारख्या खाचा, खाचांवर पायरीच्या फळ्या. प्रत्येक खाच नव्या ठोकळ्याने आखलेली. मीही वहीत तपासली, दोनदा. कठडा धरून वर गेलं की जिथे जिना संपतो तिथे हाताला एक गोल गुंडी लागते, तीही केली. मामेभाऊ यायच्या दोन दिवस आधी जुना जिना निघाला आणि नवा तात्पुरता जागेवर टेकवून लोखंडी शिकंज्यांनी आवळला. मामी पुढे आली. पहिल्याच पायरीवर तिचा पाय अडखळला.

मामाने झेप घेऊन धरलं. ती म्हणाली, "सोडा, मी बघते," आणि पायाने चाचपत सावकाश वर गेली. वरून तिचा आवाज आला. "पहिली उंच आहे हो. आणि शेवटची बुटकी. मधल्या सगळ्या सारख्या."

मामा भुशात मटकन बसला. "मी म्हटलं होतं," तो म्हणाला. "माझ्या हातून आकडे... मी म्हटलं होतं ना." हातातला टेप त्याने लांब ठेवला, नको असलेल्या पत्रासारखा. मी वही उघडून पुन्हा सगळं तपासलं. बरोबर होतं. तिसऱ्यांदा तपासलं. बरोबरच होतं! मला काही सुचेना, आणि त्या क्षणी मला कळलं की मामाला त्या फळ्यापुढे तासभर कसं वाटलं असेल.

मामी खाली आली, चाचपत, आणि त्याच्या शेजारी भुशात बसली. समजावलं वगैरे नाही. नुसतं विचारलं, "किती उंच असेल पहिली?"

मामाने हात लांब करून टेप घेतला आणि पायरीला लावला. "आठ इंच... अडीच सूत."

"हवी होती सात इंच आणि अर्धा सूत. जास्तीचं किती?"

"एक इंच दोन सूत. सव्वा इंच." तो पायरीकडे बघत राहिला. अंगठा आणि बोट त्याने आपोआप पायरीच्या फळीच्या कडेवर ठेवलं, जाडी बघतात तसं. आणि उडी मारून उठला. "ही! फळीची जाडी! खाचांवर फळ्या बसल्या, म्हणून प्रत्येक पायरी सव्वा इंच वर गेली. पण खालची जमीन वर गेली नाही, आणि वरचीही नाही! म्हणून पहिली उंच आणि शेवटची बुटकी. मधल्या सगळ्याच उचलल्या गेल्या, म्हणून त्या सारख्या. अगं, सगळा जिनाच सव्वा इंच खाली घ्यायचा. बुडातून दहा सूत कापायचं, बास!"

मला हे समजायला वहीत चित्र काढावं लागलं. तोवर त्याने शिकंजे सोडले होते.

मामेभाऊ आला तो रविवार होता, दुपारची वेळ. दाराशी चपला काढतानाच म्हणाला, "हं, दाखवा." मामा जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. हात पुढे करू नये म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. मी त्याच्या मागे होते म्हणून मला दिसत होतं, बोटं पांढरी झाली होती.

मामीने कठड्याला डावा हात लावला आणि पोराकडे तोंड वळवलं. "वाळलास किती! आवाजावरून कळतंय मला. जेवतोस कधी? फोन करशील तर तोही अर्ध्यात ठेवतोस. त्या दिवशी मी बोलतेय आणि हा म्हणे ठेवतो आई, मीटिंग आहे. नऊ महिने पोटात ठेवलं तेव्हा मी म्हटलं का मला मीटिंग आहे?" ती बोलत होती आणि चढत होती. एकदाही थांबली नाही, एकदाही मोजलं नाही. तिचा पाय पायरी शोधत नव्हता. हाताला गुंडी लागली तेव्हा ती वरच्या जमिनीवर उभी होती, आणि बोलणं अजून संपलं नव्हतं. "आणि दुकान बंद करा म्हणे! तू कोण रे सांगणारा?"

मामेभाऊ खाली मान घालून उभा होता. मग त्याने मामाकडे जाऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मामाचे हात अजून पाठीमागेच होते. ते त्याला सोडवेनात.

"मी चहा टाकतेय," वरून मामी म्हणाली.

त्या दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मामी जिन्याने अकरा वेळा खाली-वर आली-गेली. एकाही फेरीला काम नव्हतं. अकरा हा आकडा बरोबर आहे, कारण मामा मोजत होता.